लास वेगासची लाकडी जलवाहिनी : गळतीचा शोध आणि दुरुस्ती

वाफेच्या इंजिनाला इंधनापेक्षा पाणी कितीतरी अधिक लागत असे, कारण बाष्पकात म्हणजे बॉयलरमध्ये तयार झालेली वाफ सिलिंडरातील दट्ट्या ढकलून झाली की धुराड्यावाटे बाहेर जाई आणि ते पाणी पुन्हा हाती लागत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील मोठ्या इंजिनांमागे जोडलेल्या टेंडरमध्ये, म्हणजे पाणी आणि इंधन वाहून नेणाऱ्या डब्यात, सुमारे पाच ते आठ हजार गॅलन पाणी मावे (अमेरिकी गॅलन पावणेचार लिटरांहून किंचित मोठा असतो), आणि चढाच्या मार्गावर ते काही तासांत संपून जाई. त्यामुळे कोरड्या प्रदेशात लोहमार्ग आखणारे अभियंते आधी पाण्याच्या जागा हेरत आणि मग त्या जोडणारी रेघ नकाशावर ओढत, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. अशा जागी प्रथम टाकी उभी राही, टाकीभोवती इंजिनदुरुस्तीच्या कर्मशाळा आणि कामगारांच्या चाळी येत आणि अखेरीस त्या वस्तीला गावाचे रूप येई. मात्र त्या गावाच्या घराघरात जाणारे पाणी हे मुळात इंजिनांसाठी आणलेल्या पाण्याचा उरलेला भाग असे, ही गोष्ट पुढील सगळ्या विवेचनात ध्यानात ठेवावी लागते.

नेवाडा राज्यातील लास वेगास हे आज जुगारघरांसाठी प्रसिद्ध असलेले शहर याच प्रकारे जन्माला आले. मोहावी वाळवंटाच्या या भागात भूगर्भातील पाणी स्वतःच्या दाबाने जमिनीवर येई. दोन अभेद्य थरांमध्ये कोंडलेले आणि उंचावरच्या डोंगरांतून भरण होणारे पाणी वाट मिळताच पंपाशिवाय वर चढते, अशा स्रोतास आर्टेशियन झरा म्हणतात. १८४४ च्या मे महिन्यात जॉन फ्रेमाँट या शोधप्रवाशाने या झऱ्यांजवळ मुक्काम केला होता, १८५५ मध्ये मॉर्मन पंथीयांनी तेथे मातीच्या विटांचा कोट बांधून अल्पकाळ शेती केली, आणि पुढे ती जमीन स्ट्युअर्ट कुटुंबाकडे आली. पतीच्या खुनानंतर सुमारे दोन दशके ते शेत एकटीने चालवणाऱ्या हेलन स्ट्युअर्ट यांनी १९०२ मध्ये जमीन आणि तिच्याबरोबरचे पाण्याचे हक्क ५५,००० डॉलरना विकले. खरेदीदार होते मोंटानाचे तांबे-सम्राट आणि अमेरिकी सिनेटचे सदस्य विल्यम क्लार्क, ज्यांना लॉस एंजेलिस आणि सॉल्ट लेक सिटी या शहरांना जोडणारा ‘सॅन पेद्रो, लॉस एंजेलिस अँड सॉल्ट लेक’ हा लोहमार्ग पुरा करायचा होता. ३० जानेवारी १९०५ रोजी त्या मार्गाची दोन टोके जुळली आणि १५ व १६ मे रोजी रुळांच्या पूर्वेकडील भूखंडांचा जाहीर लिलाव झाला.

लिलावात भूखंड घेणाऱ्यांना पाणी पुरवण्याचे काम ‘लास वेगास लँड अँड वॉटर कंपनी’ या रेल्वेच्याच उपकंपनीकडे होते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत पाण्याचा हक्क नदीकाठच्या जमिनीला आपोआप चिकटलेला नसतो. ज्याने पाणी आधी वळवून उपयोगात आणले त्याचा हक्क आधी, असे तेथील कायद्याचे सूत्र आहे. त्यामुळे झरे, जमीन, लोहमार्ग, गावाची आखणी आणि नळ हे सगळे एकाच मालकाच्या हाती आले. रुळांच्या पश्चिमेस जॉन मॅकविल्यम्स या भूमापकाने क्लार्क यांच्या आधीच स्वतंत्र वसाहत आखली होती, परंतु कंपनीचे नळ तिकडे वळले नाहीत आणि त्या बाजूच्या रहिवाशांना दीर्घकाळ विहिरींवर भागवावे लागले. गळतीचा विषय तांत्रिक वाटत असला तरी, कोणती गळती आज दुरुस्त करायची आणि कोणती पुढच्या वर्षावर ढकलायची याचे उत्तर या मालकीच्या रचनेतून निघत असे.

झरे गावाच्या पश्चिमेस सुमारे तीन मैलांवर आणि गावापेक्षा उंचीवर होते, म्हणून पाणी उताराने आणता येत होते. वाहिनीसाठी मात्र बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, नळ न घेता कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवरील रेडवूड या वृक्षाच्या लाकडाचे नळ घालण्यात आले. आजच्या वाचकाला ही काटकसरीची कमाल वाटेल, पण त्या काळी पश्चिम अमेरिकेत लाकडी नळ हा अभियंत्यांनी मान्य केलेला, पाठ्यपुस्तकांत सूत्रांसह मांडलेला पर्याय होता. बिडाचा नळ जड आणि ठिसूळ, त्याची वाहतूक महाग, आणि तो दूर पूर्वेकडच्या कारखान्यांतून यायचा. उलट रेडवूडच्या गाभ्याच्या लाकडास सहजी कीड लागत नाही वा ते कुजत नाही, त्याच्या आतल्या पृष्ठभागावर गंजाच्या गाठी धरत नाहीत आणि ते उचलायला चार-दोन माणसे पुरतात.

असे नळ दोन प्रकारचे असत. मोठ्या व्यासाच्या वाहिनीत लांब फळ्या जागेवरच एकमेकींना लावून, त्यांचे सांधे मागेपुढे ठेवून, गोल पोलादी सळ्यांचे पट्टे बाहेरून आवळत. ही सलग फळ्यांची वाहिनी होय. लहान व्यासाचे नळ कारखान्यात तयार होत. फळ्यांच्या कडांना खाचा व जिभा पाडून त्या वर्तुळात बसवत, त्यांवर यंत्राने जस्त चढवलेली तार सर्पिल वळणांनी घट्ट गुंडाळत, आणि सगळा नळ डांबरासारख्या द्रवात बुडवून त्यावर लाकडाचा भुसा चढवत, म्हणजे हाताळताना तो चिकटत नसे. गावातील रस्त्यांखाली घालायच्या वाहिन्यांसाठी सामान्यतः हा दुसरा प्रकार सोयीचा पडे. पिंप तयार करणाऱ्या कारागिराला या रचनेत नवे असे काहीच दिसले नसते, कारण लाकूड पाणी अडवते आणि लोखंड ताण सोसते ही विभागणी पिंपातही तीच असते. हा ताण किती असतो ते साध्या गणिताने कळते. शंभर फूट उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस इंचास सुमारे ४३ पौंड असतो. दहा इंच व्यासाच्या नळावर या दाबामुळे दर इंच लांबीमागे भिंतीत सुमारे २१५ पौंडांचा ताण येतो, आणि तो सगळा तारेने पेलायचा असतो. शिवाय लाकूड पाणी पिऊन फुगते तेव्हा तेही तारेला आतून बाहेर रेटते, म्हणून तारेची जाडी ठरवताना या फुगण्याचीही तजवीज करावी लागे.

लाकडी नळाचा सगळा संसार त्याच्या ओलेपणावर चालतो. भरलेला आणि दाबाखाली असलेला नळ फुगून फटी बुजवतो आणि दशकानुदशके टिकतो, कारण पूर्ण भिजलेल्या लाकडात कुजवणाऱ्या बुरशीला लागणारी हवा पोहोचत नाही. परंतु तोच नळ काही दिवस रिकामा राहिला की फळ्या आक्रसतात, आणि पुन्हा पाणी सोडताच प्रत्येक सांध्यातून धारा लागतात. नव्या वाहिनीची चाचणी घेताना ही गोष्ट फार महत्त्वाची ठरे. लोखंडी वाहिनीची जलदाब चाचणी घ्यायची तर दोन व्हॉल्व्हांमधला तुकडा बंद करून, उंच जागांवरील तोट्यांमधून हवा सोडून देऊन, हातपंपाने दाब रोजच्या दाबाहून वर न्यायचा आणि दाबमापकाचा काटा किती वेळात किती खाली येतो ते पाहायचे, इतके पुरते. लाकडी वाहिनीत काटा पहिल्या दिवशी घसरणारच, कारण लाकूड स्वतः पाणी शोषत असते. म्हणून वाहिनी हळूहळू भरून, काही दिवस मुरू देऊन, मगच चाचणीचा आकडा ग्राह्य धरत. चर तोवर पूर्ण बुजवत नसत, नळाच्या मधल्या भागावर माती टाकून सांधे उघडे ठेवत, म्हणजे कोणता सांधा फुगून आपोआप बंद होतो आहे आणि कोणता हट्टाने झिरपत राहतो आहे हे डोळ्यांनी पाहता येई. घाईने काम उरकणाऱ्या ठेकेदाराला हा थांबण्याचा काळ जाचक वाटणे स्वाभाविक होते, पण चर बुजवल्यावर तीच गळती शोधायला त्याच्या कितीतरी पट खर्च येतो.

चालू वाहिनीत गळती सुरू होण्याची कारणे मुख्यतः लाकडात नसून लोखंडात असत. वाळवंटी जमिनीत पाणी वर ओढले जाऊन उडून जाते आणि क्षार मागे राहतात; असे क्षार आणि ओल एकत्र आली की तारेवरचे जस्त आणि डांबर झिजून तार गंजते. तार एके ठिकाणी तुटली की शेजारचे वेढे सैल पडतात, फळ्यांमधली फट उघडते, बाहेर पडणारे पाणी भोवतालची माती आणखी ओली ठेवते, आणि त्या ओलीने पुढची तार गंजते. म्हणजे गळती स्वतःची जागा स्वतःच वाढवत नेते. दुसरे कारण म्हणजे घरजोडण्या. मुख्य वाहिनीला भोक पाडून त्यात पितळी किंवा लोखंडी नळी पिळून बसवली जाई, आणि लाकूड व धातू यांच्या फुगण्या-आक्रसण्याचे प्रमाण वेगळे असल्याने हा सांधा नेहमीच दुबळा राही. तिसरे कारण खास रेल्वेचे होते. इंजिनात पाणी भरण्यासाठी रुळांशेजारी जो मोठ्या तोंडाचा फिरता नळखांब असे, त्यातून काही मिनिटांत हजारो गॅलन पाणी ओतले जाई आणि टेंडर भरताच तो झटक्याने बंद केला जाई. वाहते पाणी असे एकाएकी अडवले की त्याच्या गतीचे रूपांतर दाबात होते. या धक्क्याला जलाघात म्हणतात. मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९८ मध्ये त्याचा सिद्धांत मांडला, आणि त्यानुसार लोखंडी नळात सेकंदाला एक फूट वेगाने वाहणारे पाणी अचानक थांबल्यास दाब दर चौरस इंचास पन्नासहून अधिक पौंडांनी वाढतो. लाकडी भिंत थोडी लवचीक असल्याने तिच्यात हा धक्का काहीसा सौम्य होतो, परंतु दिवसातून अनेकदा बसणारा असा धक्का सैल सांध्याला पुरेसा असतो. नळखांब मुख्य वाहिनीऐवजी उंच टाकीवरून चालवला तर टाकीतला मोकळा पृष्ठभाग हा धक्का जिरवतो. टाकी ही केवळ साठवणीची सोय नव्हती, ती या अर्थाने संरक्षणाचीही होती.

छोट्या गळतीतून किती पाणी जाते याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो, आणि तोही कमीच्या बाजूने. शंभर फूट दाबाखाली पाव इंच व्यासाच्या छिद्रातून पाणी सेकंदाला सुमारे ऐंशी फूट वेगाने सुटते. छिद्राच्या कडांमुळे धार आकुंचन पावते याची वजावट करूनही मिनिटाला सात गॅलनांहून अधिक आणि दिवसाला दहा हजार गॅलनांहून अधिक पाणी निघून जाते. म्हणजे करंगळीही शिरणार नाही अशा एका भोकातून रोज एखाददुसऱ्या इंजिनाचे टेंडर भरेल एवढे पाणी जमिनीत जिरत राहील, आणि वर रस्त्यावर कदाचित धूळच दिसेल.

म्हणूनच पहिला प्रश्न गळती कोठे आहे हा नसतो. ती एकंदर किती आहे हा असतो, आणि त्याचे उत्तर टाकीत मिळते. रेल्वेची लाकडी टाकी बहुधा चोवीस फूट व्यासाची आणि सोळा फूट उंचीची असे व तिच्यात सुमारे पन्नास हजार गॅलन पाणी मावे. टाकीत येणारे पाणी रात्री बंद करून गावाकडे जाणारी वाहिनी मात्र चालू ठेवली आणि पातळी तासाला किती इंच उतरते ते पाहिले, तर गणित सोपे होते, कारण एवढ्या व्यासाच्या टाकीत एक इंच पातळी म्हणजे सुमारे २८२ गॅलन पाणी. गाव झोपलेले असताना मध्यरात्र ते पहाटे चार या वेळात पातळी तासाला तीन इंच उतरत असेल, तर दिवसाला वीस हजार गॅलन पाणी कोणी न वापरता जात आहे असा निष्कर्ष निघतो. रेल्वेच्या गावात मात्र या हिशोबाला एक मोठी अडचण असे, ती म्हणजे असे गाव कधी पूर्ण झोपतच नाही. मालगाड्या रात्री धावतात, कर्मशाळेत उभ्या इंजिनांची वाफ कायम राखावी लागते, फळांच्या वॅगनींसाठी बर्फ तयार होत असतो. म्हणून रात्रीच्या मोजणीतून इंजिनांनी घेतलेले पाणी वजा करायचे तर स्टेशनवरील नोंदवही शेजारी घेऊन बसावे लागे. शिवाय लास वेगासमध्ये आरंभीची कित्येक वर्षे पाण्याचे मीटर नव्हते, दर महिन्याला ठरावीक पट्टी भरली की पाणी हवे तितके वापरता येई. रात्रभर बागेत सोडून ठेवलेला नळ आणि जमिनीखाली फुटलेली वाहिनी यांत टाकीची पातळी काहीही भेद करत नाही.

हा भेद करण्याची पद्धत इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराचे अभियंते जॉर्ज डीकन यांनी १८७३ मध्ये घालून दिली होती. त्यांच्या मापकात पाण्याचा प्रवाह एका फिरत्या कागदावर रेघ ओढत असे. रात्री तपासनीस एका विभागातील घरांच्या बाहेरच्या चाव्या एकामागून एक बंद करत जाई आणि ज्या चावीपाशी रेघ एकदम खाली येई त्या घरातला अपव्यय उघड होई. सगळ्या चाव्या बंद करूनही जो प्रवाह शिल्लक राही तो मुख्य वाहिनीचा दोष होय. लहान गावाला असा मापक परवडत नसला तरी त्यामागचे तर्कशास्त्र फुकट होते, आणि आपल्याकडील नगरपालिकांत पाणी सोडणारा चावीवाला जे काम अनुभवाने करतो तेच थोड्या शिस्तीने केले की झाले. गावाच्या दूरच्या टोकापासून आरंभ करून व्हॉल्व्ह एकेक करून बंद करायचे, प्रत्येक वेळी टाकीची पातळी किंवा मापकाचा आकडा लिहून घ्यायचा, आणि ज्या व्हॉल्व्हनंतर उतार मंदावेल त्याच्या पलीकडचा तुकडा संशयित धरायचा. या पद्धतीची खरी परीक्षा व्हॉल्व्हांची असते. वर्षानुवर्षे न फिरवलेला व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, त्याच्या बैठकीत गाळ अडकतो, आणि मग बंद समजलेल्या तुकड्यातून पाणी जात राहून सगळी आकडेमोड फसवी ठरते. त्यामुळे गळतीच्या मोहिमेचे पहिले काही दिवस व्हॉल्व्ह शोधण्यात, त्यांच्या पेट्यांतील माती उपसण्यात आणि ते चालते करण्यातच जात, आणि गावाचा नकाशा व जमिनीखालचे वास्तव यांची गाठ प्रथमच पडे.

तुकडा निश्चित झाल्यावर नेमकी जागा शोधण्यासाठी बिडाच्या नळांवर कानाचा उपयोग होत असे. दाबाने सुटणारे पाणी नळाच्या धातूत कंप निर्माण करते. व्हॉल्व्हच्या दांड्यावर लोखंडी सळई टेकवून तिचे दुसरे टोक कानाशी धरले की हा आवाज ऐकू येतो, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून टेलिफोनसारखी पातळ चकती बसवलेली श्रवणयंत्रेही मिळू लागली होती. लाकडी नळापुढे ही विद्या फारशी चालत नसे, कारण लाकूड कंप लवकर शोषून घेते आणि काही फुटांवरच आवाज विरतो. मग उरत डोळे आणि पहार. वाळवंटात आजूबाजूला काही उगवत नसताना रस्त्याच्या कडेला अवेळी हिरवळ दिसली, उन्हाळ्यात एखादा मातीचा पट्टा गडद राहिला, किंवा क्षारांचा पांढरा थर ओळीने उमटला, तर तेथे टोकदार पहार नळाच्या बाजूने जमिनीत घालून ती ओली निघते का ते पाहत. येथे जमिनीची रचना शोधणाऱ्याला चकवते. अशा कोरड्या प्रदेशात पृष्ठभागाखाली चुनखडीचा दगडासारखा कठीण थर बहुधा असतो. पाणी त्यातून खाली उतरू न शकल्याने आडवे पसरते, किंवा नळासाठी खणलेल्या चरातल्या भुसभुशीत मातीतून उताराने सरकत जाऊन गळतीपासून बऱ्याच अंतरावर वर येते. ओल जेथे दिसली तेथेच खणणारा मुकादम म्हणूनच पुष्कळदा कोरडा, धडधाकट नळ उघडा पाडून बसे. अनुभवी माणूस ओलीच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी ज्या दिशेने येते तिकडे, पहार मारत जाई.

दुरुस्तीचे काम बघायला साधे आणि करायला नाजूक होते. फळ्यांमधल्या बारीक फटीत मऊ लाकडाची पातळ पाचर हलक्या हाताने ठोकत, आणि ती ओली होऊन फुगली की फट बंद होई. पाचर जोराने ठोकली तर मात्र शेजारची फळी चिरते आणि छोट्या गळतीची मोठी होते. गोल भोक असेल तर निमुळते लाकडी बूच मारून वर उरलेला भाग कापून टाकत. लाकडी नळाला बूच मारण्याची युक्ती फार जुनी आहे. लंडनमध्ये एल्म वृक्षाच्या पोखरलेल्या खोडांचे नळ होते तेव्हा आग लागल्यास बंबवाले रस्ता खणून नळाला भोक पाडत, पाणी घेत आणि नंतर बूच ठोकून जात. तार तुटली असेल तर सुटलेली टोके खिळ्याच्या कड्यांनी लाकडाला जखडून, त्या भागावर सळईचे पट्टे चढवून त्यांचे नट पान्याने आवळत. किती आवळायचे याला माप होते ते हाताच्या अंदाजाचे, कारण पट्टा लाकडात रुतला की फळी ठेचली जाते आणि सैल राहिला की निरुपयोगी ठरतो. फळीच कुजली असेल तर नळावर बिडाची दोन अर्धवर्तुळे रबराच्या पट्टीसह बसवून बोल्टांनी जोडत. एवढ्यानेही भागत नसेल तर खराब तुकडा करवतीने कापून नवा घालत आणि दोन्ही टोकांना बाहेरून रुंद गळपट्टा, लाकडाचा किंवा लोखंडाचा, चढवत. बिडाच्या जोडांशी गाठ पडली तर ताग किंवा काथ्यासारखा डांबरी दोर सांध्यात ठासून वर वितळलेले शिसे ओतत आणि ते थंड झाल्यावर छिन्नीने ठोकून दाबत; परंतु चरात पाणी असताना शिसे ओतणे जिवावरचे काम असे, कारण ओलीला लागताच त्याचे थेंब वाफेबरोबर उसळून अंगावर येतात.

झिरपणाऱ्या सांध्यांची संख्या फार असली तर वाहिनीच्या वरच्या टोकाला पाण्यात लाकडाचा बारीक भुसा सोडण्याचाही उपाय होता. पाणी जेथून बाहेर पडते तिकडेच भुसा ओढला जातो, फटीत अडकून फुगतो आणि खणल्याशिवाय गळती कमी होते. सिंचनाच्या किंवा वीजनिर्मितीच्या वाहिनीत हा उपाय सोयीचा, गावाच्या पाण्यात तितका नाही; भुसा घरच्या तोट्यांत आणि बाष्पकात पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरमध्येही जाऊन बसतो, आणि तो धुऊन काढण्यासाठी पुन्हा भरपूर पाणी सोडावे लागते.

या सगळ्यांत वेळेचे बंधन सर्वांत कठीण होते. लोखंडी वाहिनी रिकामी करून सावकाश दुरुस्त करता येते. लाकडी वाहिनी जितका वेळ रिकामी राहील तितके इतर सांधे आक्रसतात, आणि वाळवंटी उन्हात उघड्या चरातला नळ फार लवकर सुकतो. म्हणून सगळे सामान चराशेजारी मांडल्याशिवाय पाणी बंद करत नसत, आणि उघड्या नळावर ओली गोणपाटे टाकत. पाणी पुन्हा सोडतानाही हवा बाहेर जाण्यास वाव देत हळूहळू सोडावे लागे, नाहीतर अडकलेली हवा दाबली जाऊन नवा धक्का देई. आणि दुरुस्ती यशस्वी झाली की तिच्यामुळेच पुढची गळती उघड होई, कारण एक छिद्र बुजल्याने वाहिनीतला दाब वाढतो आणि तो दुसऱ्या दुबळ्या जागेवर येतो. ठिगळांनी चालणारी वाहिनी कधीच ‘दुरुस्त झाली’ असे म्हणता येत नाही, ते याच कारणाने. पाणी वारंवार बंद-चालू करण्याचा आणखी एक धोका महाराष्ट्रातील दिवसाआड पाणी येणाऱ्या गावांना चांगला परिचयाचा आहे: दाब नाहीसा झाला की ज्या फटीतून पाणी बाहेर जात होते त्याच फटीतून भोवतालचे घाण पाणी आत शिरते.

तरीही लास वेगासच्या रेडवूडच्या वाहिन्या गळत राहिल्या आणि रहिवाशांच्या कमी दाबाच्या तक्रारी चालू राहिल्या, याचे कारण कारागिरीच्या उणिवेत शोधणे अपुरे ठरते. पाणी पंपाने उपसावे लागत असते तर प्रत्येक वाया गेलेल्या गॅलनमागे कोळसा जळला असता आणि गळती कंपनीच्या खर्चवहीत दिसली असती. येथे पाणी जमिनीतून स्वतःच्या दाबाने वर येत होते आणि उताराने गावात पोहोचत होते. इंजिनांची टाकी भरलेली राहिली की जमिनीत जिरलेल्या पाण्याची किंमत मालकाच्या लेखी शून्य होती. नव्या लोखंडी वाहिनीचा खर्च मात्र खरा होता, आणि ठरावीक पट्टीच्या उत्पन्नातून तो भरून निघण्याची शक्यता कमी होती. त्यामुळे ठिगळे लावत राहणे हे कंपनीच्या दृष्टीने तर्कशुद्धच होते. गळतीची किंमत मोजत होते ते वाहिनीच्या टोकाला राहणारे लोक, ज्यांच्या नळाला उन्हाळ्याच्या दुपारी धार नसे, आणि लाकडी घरांचे मालक, ज्यांना आग लागल्यावर दाब किती उरेल याची खात्री नसे. कंपनी मात्र अपव्ययाचा दोष बागांना पाणी पाजणाऱ्या गिऱ्हाइकांवर टाकू शके, आणि तो आरोप निराधार होता असेही नाही. मीटर नसल्याने दोन्ही पक्षांना आपापले म्हणणे सिद्ध करता येत नव्हते.

गाव लहान असेपर्यंत ही रचना तगली. १९२० मध्ये लास वेगासची लोकसंख्या २,३०४ होती. कोलोरॅडो नदीवर हूवर धरण बांधण्याचे काम सुरू होण्याच्या तोंडावर, १९३० मध्ये, ती ५,१६५ झाली आणि १९५० मध्ये २४,६२४. क्लार्क यांनी १९२१ मध्ये आपला हिस्सा विकल्यावर लोहमार्ग आणि पाण्याची कंपनी पूर्णपणे युनियन पॅसिफिक रेल्वेकडे गेली होती, आणि दूरवरच्या कार्यालयातून चालणाऱ्या त्या व्यवस्थेला एका वाळवंटी शहराच्या वितरणजाळ्यात भांडवल ओतण्याचा उत्साह नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर डिझेल इंजिने आली आणि टेंडर भरण्याची गरजच उरली नाही, तेव्हा रेल्वेने पाण्याच्या धंद्यात राहण्याचे मूळ कारणही संपले. १९४७ मध्ये कायद्याने ‘लास वेगास व्हॅली वॉटर डिस्ट्रिक्ट’ ही सार्वजनिक संस्था स्थापन झाली आणि १९५४ मध्ये तिने रेल्वेची पाणीव्यवस्था विकत घेतली.

विहिरींच्या उपशाने भूगर्भातला दाब उतरत गेला, १९६२ मध्ये झऱ्यांचे पाणी पृष्ठभागावर येणे थांबले, आणि १९५५ पासूनच शहराने धरणामागील मीड सरोवराचे पाणी घेण्यास आरंभ केला होता. सरोवर पूर्ण भरलेले असतानाही त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे फूट आणि शहराचा मध्यभाग सुमारे दोन हजार फूट उंचीवर असल्याने हे पाणी किमान जवळपास आठशे फूट वर चढवावे लागते. घर्षण आणि पंपाचा अपव्यय सोडला तरी हजार गॅलन पाण्यामागे सुमारे अडीच युनिट वीज जळते, आणि पाव इंची छिद्रातून रोज जाणारे दहा हजार गॅलन या हिशोबाने पंचवीस युनिटांचे देयक होऊन पाणी पुरवणाऱ्या संस्थेकडे येतात.